आधी अंगठा फिरवून बघा

गेल्या वर्षी गौरी-गणपती उरकल्यावर निपाणीहून एक मायलेक माझ्याकडे आली. मुलगा बारावीला, खांद्याला काळी पिशवी आणि पिशवीत पंधरा दिवसांपूर्वी ऑनलाइन मागवलेली इलेक्ट्रिक गिटार. आई बिड्या वळणारी. गिटारीचे पैसे तिनं भिशीतून उचलले होते, म्हणून मुलाबरोबर ती स्वतः आली होती. खुर्चीवर टेकायच्या आधीच तिनं विचारलं, "दादा, खोक्यावर चायना लिवलंय. फसलो तर न्हाई न्हवं आमी?"

मी टेबलावर टॉवेल अंथरला, गिटार त्यावर ठेवली आणि तिला म्हटलं, "ताई, या दांडीच्या कडेवरनं वरून खालपर्यंत अंगठा फिरवा बघू."

तिनं अंगठा सावकाश फिरवला. "हितं टोचतंय. हितं बी. ह्या बाजूला काय न्हाई." तीन जागा तिनं दाखवल्या आणि तिन्ही बरोबर होत्या. मुलगा पंधरा दिवस तीच गिटार वाजवत होता, त्याच्या लक्षात हे आलं नव्हतं. बिडीत तंबाखू कमी पडला की जास्त झाला, हे न बघता ओळखणारी ती बोटं. त्यांना गिटारीतलं काही ठाऊक असण्याची गरजच नव्हती.

टोचत होती ती फ्रेटची टोकं. गिटारीच्या दांडीवर धातूच्या ज्या आडव्या पट्ट्या असतात त्यांना फ्रेट म्हणतात. सतारीचे पडदे असतात तसेच हे पडदे, फक्त लाकडात पक्के ठोकलेले. त्यांची टोकं कानशीनं गोल करावी लागतात. या गिटारीत ते काम अर्धवट राहिलं होतं. एका माणसाची वीस-पंचवीस मिनिटं तिच्या वाट्याला आली नव्हती. स्वस्त गिटारीबद्दल मला जे सांगायचंय ते सगळं त्या तीन टोकांत आहे.

मी हे कशाच्या जोरावर सांगतो

बेळगाव हे फाउंड्रीचं आणि हायड्रॉलिक्सचं गाव. तिसऱ्या रेल्वे गेटाच्या पुढे उद्यमबागेत एका कारखान्यात मी तीस वर्षं इन्स्पेक्शनला होतो. मशीनवरून उतरलेला जॉब हातात घ्यायचा, मायक्रोमीटर लावायचा, कडेला बर, म्हणजे टोचरी धार, राहिलीय का ते नखानं बघायचं आणि पास किंवा रिजेक्ट ठरवायचं, हेच माझं काम. संध्याकाळी गिटार. शाळेत असताना कॅम्पातल्या चर्चमध्ये एक काका गिटार वाजवायचे, त्यांच्याकडून पहिल्या तीन कॉर्ड शिकलो. पुढे दहा-बारा वर्षं गणपतीत आणि लग्नसराईत ऑर्केस्ट्रात वाजवली. संकेश्वर, निपाणी, चिकोडी, खानापूर, चंदगड, गडहिंग्लज, सगळीकडे ट्रकच्या मागं बसून गेलो.

माझी पहिली इलेक्ट्रिक गिटार जुनी, हातफिरतीची. बॉडी प्लायवूडची, दांडी वाकलेली. सातव्या फ्रेटच्या पुढं तार इतकी उंच की बोटांना रक्त यायचं. दोन वर्षं मी समजत होतो की मलाच वाजवता येत नाही. एकदा कारखान्यात स्ट्रेट एज हातात होती, सहज घरी नेली आणि दांडीवर ठेवली. मधोमध जवळजवळ दीड मिलिमीटर उजेड दिसला. असा जॉब मी कारखान्यात एका क्षणात रिजेक्ट केला असता. त्या दिवसापासून मी गिटारीही मोजायला लागलो. आज माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या बहुतेक गिटारी चीन किंवा इंडोनेशियात बनलेल्या आणि वीस हजारांच्या आतबाहेरच्या असतात. त्या घेऊन येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचा पहिला प्रश्न निपाणीच्या ताईंचाच असतो.

देशाच्या नावाचा जुना आजार

हा प्रश्न आपल्या भागाला नवा नाही. पेटी घ्यायला गेलेला माणूस आजही विचारतो, सूर जर्मन की पॅरिस की पालिताणा? सूर म्हणजे आतल्या पितळी पट्ट्या. जर्मन सूर म्हटलं की मान डोलते, गुजरातच्या पालिताण्याचे म्हटलं की चेहरा उतरतो. पण नीट घासून मिळवलेले पालिताण्याचे सूर गोड लागतात आणि गंजलेले जर्मन सूर किरकिरतात, हे पेटी उघडणाऱ्या प्रत्येक कारागिराला माहीत असतं. ती पेटी तरी कुठली? युरोपातून आलेली. १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीनं तिला बाहेर ठेवलं होतं. त्याच काळात बेळगावात पंडित रामभाऊ विजापुरे यांच्यासारख्या वादकानं तिच्यावर आयुष्य वाहिलं. आज तिला परकी म्हणायला कोणी धजत नाही.

गणपतीच्या मिरवणुकीत वाजणारा आपला बेंजो बघा. टाइपरायटरसारख्या पट्ट्या दाबून तारा वाजवायच्या हे वाद्य मुळात जपानचं. नागोया शहरात १९१२ मध्ये ते बनलं, तिथं त्याचं नाव तैशोगोतो. आपल्या लोकांनी त्याला पिकअप लावला, मोठे स्पीकर जोडले आणि कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यात बेंजो पार्टी उभी राहिली.

इलेक्ट्रिक गिटारीच्या जगातही देशांची अशी उतरंड आहे. अमेरिकन सर्वांत वर, मग जपानी, मग कोरियन, मग इंडोनेशियन, शेवटी चिनी. ही उतरंड दर वीस वर्षांनी बदलत आलीय, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही. १९७० च्या दशकात जपानी गिटार म्हणजे नक्कल, असं अमेरिकेत सरसकट बोललं जायचं. आयबानेझ या जपानी ब्रँडच्या गिटारीचं डोकं अमेरिकन गिब्सनसारखं दिसतं म्हणून १९७७ मध्ये गिब्सनच्या मालक कंपनीनं कोर्टात दावा लावला. पाचच वर्षांनी, १९८२ मध्ये, खुद्द फेंडर कंपनीनं जपानमध्ये गिटारी बनवून घ्यायला सुरुवात केली. मात्सुमोतो शहरातल्या फुजिगेन कारखान्यातल्या, फेंडरच्याच स्क्वायर नावाच्या त्या पहिल्या गिटारी आज शौकीन लोक शोधत फिरतात. ज्याला नक्कल म्हणत होते तोच माल दुर्मिळ ठरला.

पुढं जपानी मजुरी वाढली, काम कोरियात गेलं. १९८० च्या दशकाच्या अखेरीला स्क्वायर टू नावाच्या काही गिटारी भारतातही बनल्या. मग कोरियाची मजुरी वाढली. कोर-टेक ही दक्षिण कोरियाची कंपनी अनेक मोठ्या ब्रँडना गिटारी बनवून देते. तिचा मोठा कारखाना आज इंडोनेशियात सुराबायाला आहे. स्क्वायरच्या नंबराच्या सुरुवातीला आयसीएस ही अक्षरं असली तर ती गिटार तिथली समजायची. कोरियातले कारखाने २००७ मध्ये बंद झाले तेव्हा तिथले कामगार रस्त्यावर आले आणि त्यांचा लढा २०१९ पर्यंत चालला. तंबाखूच्या भावासाठी १९८१ मध्ये महामार्गावर बसलेल्या निपाणीला हे समजावून सांगावं लागत नाही. वस्तू स्वस्त होते तेव्हा कुणाचा तरी वेळ स्वस्त झालेला असतो.

वाद्यच कारखान्यात जन्मलेलं

"पण हाताने बनवलेल्या गिटारीची सर हिला कशी येणार?" असं पुष्कळ जण म्हणतात. इलेक्ट्रिक गिटारीच्या बाबतीत हा प्रश्नच थोडा वेगळा आहे. लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातल्या फुलरटन गावचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. १९५० च्या सुमारास त्यानं जी गिटार बाजारात आणली आणि पुढं जी टेलिकास्टर म्हणून गाजली, ती मुळातच कारखान्यासाठी आखलेली होती. बॉडी म्हणजे लाकडाची सपाट फळी. नेक म्हणजे दांडी, तिला चार स्क्रूनं जोडलेली. नेक बिघडला की चार स्क्रू काढायचे आणि दुसरा लावायचा. १९५४ ची स्ट्रॅटोकास्टर याच विचारातून आली. साध्या कामगाराला ड्रिल आणि राउटरवर करता यावी अशीच ती रचना आहे.

म्हणून ती कुठंही बनू शकते. आता तर नेक आणि बॉडी सीएनसी मशीनवर कापतात. लांबीचं गणित एकदा मशीनमध्ये भरलं की ते सुराबायात आणि कॅलिफोर्नियात सारखंच उतरतं. फेंडर पद्धतीच्या गिटारीत तारेची वाजती लांबी ६४८ मिलिमीटर धरतात. बारावा फ्रेट बरोबर मध्यावर, ३२४ वर. पहिलं घर, म्हणजे पहिल्या फ्रेटपर्यंतची जागा, सुमारे ३६ मिलिमीटरचं, पुढं प्रत्येक घर लहान होत बाविसावं जेमतेम ११ मिलिमीटरचं. जुन्या काळी स्वस्त गिटारीत ही घरंच चुकायची आणि ती गिटार जन्मभर बेसूर राहायची. आज दहा हजारांच्या गिटारीतही माझ्या स्टीलच्या पट्टीला ही चूक क्वचित सापडते.

मशीनचं काम संपतं तिथं हाताचं काम सुरू होतं. फ्रेट एका पातळीत आणणं, त्यांचे माथे गोल करणं, टोकांची बर काढणं, नटच्या खाचा तारेच्या जाडीप्रमाणे कानशीनं उतरवणं, नेकचा बाक बघून आतली सळई फिरवणं. याला मशीन कमी आणि माणसाचे डोळे, बोटं आणि तास जास्त लागतात. महागड्या गिटारीत हे तास भरलेले असतात. स्वस्त गिटारीत कात्री लागते ती आधी इथं. मग पिकअप, स्विच, खुंट्या अशा सुट्या भागांवर, आणि लाकडावर सर्वांत शेवटी.

हे एकदा कळलं की गिटार बघायची नजर बदलते. कापून टाकलेले तास आपण नंतर भरू शकतो. बेळगावात, कोल्हापुरात, घरच्या टेबलावरही. चुकीचं कापलेलं लाकूड मात्र कोणीच भरू शकत नाही. कुठला दोष नंतर सुधारतो आणि कुठला जन्माचा, एवढं ओळखता आलं की फसगत टळते.

टेबलावरची तपासणी

माझा क्रम मी सांगतो. याला यंत्र लागत नाही.

पहिलं काम अंगठ्याचं. नेकच्या दोन्ही कडांवरून वरून खालपर्यंत फिरवा. टोचलं तर फ्रेटची टोकं राहिलीत. हा दोष सुधारतो.

दुसरं काम डोळ्याचं. सुतार फळीची दोरी बघतो तशी गिटार उचला, एक डोळा मिटा आणि डोक्याकडून बॉडीकडे नेकवरून नजर टाका. नेकला पोटाकडे किंचित बाक असायलाच हवा, कारण तार हलते तेव्हा तिला मध्ये जागा लागते. पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून धरला तर आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात दहा थाऊ, म्हणजे पाव मिलिमीटर फट चांगली. बाक जास्त असेल तर नेकच्या आत लोखंडी सळई असते, ती अ‍ॅलन कीनं एका वेळी पाव फेरा फिरवली की तो सुधारतो. साध्या पातळ तारांचा मिळून सुमारे ३८ किलोचा ताण त्या दांडीवर चोवीस तास असतो, त्याला तोंड देणारी तीच सळई. ती फिरतच नसेल तर गिटार परत करा. नेक पिळवटलेला असेल, म्हणजे एक कड वर आणि एक खाली दिसत असेल, तर किंमत कितीही कमी असो, परत करा. हा दोष जन्माचा आहे.

तिसरं, दोन्ही बाजूंच्या शेवटच्या तारा बघा. त्या नेकच्या कडांपासून सारख्या अंतरावर उतरल्या पाहिजेत. एक तार कडेवरून घसरायला आलेली असेल तर नेकचा जोड किंवा ब्रिजची, म्हणजे बॉडीवर तारा टेकतात त्या भागाची, जागा चुकलीय. जोडातला थोडा फरक स्क्रू सैल करून जातो. ब्रिजच वाकडा बसवला असेल तर नाही जात.

चौथं, नट. नेकच्या डोक्याशी जी खाचांची बारीक पट्टी असते तो नट. प्रत्येक तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटवर बघा. तार आणि फ्रेट यांच्यात केसाएवढी फट हवी. स्वस्त गिटारीत खाचा जवळजवळ नेहमी उथळ सोडलेल्या असतात, कारण खोल गेली तर नट फुकट जातो आणि उथळ ठेवली तर कारखान्याला धोका नाही. परिणाम भोगतं नवं शिकणारं पोर. पहिल्या तीन फ्रेटवर तार दाबताना बोटं दुखतात, एफची कॉर्ड लागत नाही, सूर चढा वाजतो. दोन महिन्यांत गिटार कपाटावर जाते. मी पाहिलेल्या सोडून दिलेल्या गिटारीत सर्वांत जास्त वेळा आढळलेला दोष हा. माझ्या हाताला तो काढायला अर्धा तास पुरतो.

पाचवं काम कानाचं. बावीस फ्रेट आणि सहा तारा, म्हणजे १३२ सूर. एकेक वाजवा. कुठं तार झणझणते, कुठं सूर मेल्यासारखा बसतो, ते लिहून ठेवा. एखादा फ्रेट उंच असेल तर त्याच्या अलीकडचा सूर मरतो. शंका आली तर बँकेच्या कार्डाची सरळ कड तीन फ्रेटवर टेकवा. ती मधल्यावर डुलली तर तो उंच आहे. एक-दोन असतील तर घासून बसतात. निम्मे असतील तर गिटार नको.

सहावं, बाराव्या फ्रेटवर तार नुसती स्पर्शानं वाजवा आणि मग तिथंच दाबून वाजवा. दोन्ही सूर एकच यायला हवेत. दाबलेला सूर चढा असेल तर ब्रिजवरचा त्या तारेचा छोटा घोडा स्क्रूनं मागं घ्यायचा, उतरा असेल तर पुढं. सतारीत पडदा सरकवतात, गिटारीत पडदा पक्का असल्यामुळं घोडा सरकवतात. सगळे घोडे पार मागं नेऊनही सूर चढाच राहिला तर तो जन्माचा दोष.

शेवटी वीज. गिटार अ‍ॅम्पला लावा, प्रत्येक नॉब फिरवा, स्विच हलवा, जॅक हळूच हलवून बघा. खरखर आली तर भाग स्वस्त आहेत. काही शे रुपयांत आणि एका सोल्डरिंग आयर्नमध्ये ते बदलतात. पिकअपचं तत्त्व साधं आहे. लोहचुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे, वर स्टीलची तार हलली की त्यात वीज उमटते. महागड्या पिकअपमध्ये अल्निको, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम, निकेल, कोबाल्टच्या मिश्रणाचं चुंबक असतं. स्वस्तात बहुधा सिरॅमिकचं. सिरॅमिकचा आवाज थोडा कडक लागतो, पण ज्याला अजून बोटं बसवायचीत त्याचं त्यामुळं काही अडत नाही.

या सगळ्याला दुकानात वीस मिनिटं लागतात. दुकानदार वीस मिनिटं वाजवू देत नसेल तर ते दुकान सोडा. ऑनलाइन घेतली असेल तर खोकं फोडल्या दिवशीच हे करा, परत करायची मुदत संपायच्या आत.

ऐन, शिसव आणि आपली हवा

गेल्या काही वर्षांत स्क्वायरच्या आणि तशा गिटारींच्या माहितीत फिंगरबोर्डचं लाकूड म्हणून 'इंडियन लॉरेल' असं लिहिलेलं दिसतं. नाव वाचून लोक बिचकतात. हा आपला ऐन. जांबोटी-खानापूरच्या रानात सुसरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल असलेला, कानडीत ज्याला मत्ती म्हणतात तो. आपल्या जुन्या घरांच्या वाशांना वापरायचे तेच लाकूड.

तो गिटारीवर कसा आला त्यालाही कारण आहे. आधी फिंगरबोर्डला शिसव वापरायचे आणि त्यातही भारतीय शिसवाला जगभर मान. पण शिसवाच्या साऱ्या जाती २ जानेवारी २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियमांखाली आल्या, प्रत्येक खेपेला कागदपत्रं लागू लागली. कंपन्या दुसऱ्या लाकडांकडे वळल्या. २०१९ च्या नोव्हेंबरात तयार वाद्यांना सूट मिळाली, तोवर ऐन रुळला होता. तो रंगानं थोडा फिका आणि रेषा थोड्या उघड्या असतात, एवढाच फरक. वर्षातून दोनदा जवसाच्या तेलाचा हलका हात दिला की झालं. लॉरेल म्हणून कोणी गिटारीला नाक मुरडत असेल तर त्याला खानापूरच्या जंगलात न्यावं.

हवेचं मात्र ध्यानात ठेवायला हवं. बेळगावचा पाऊस किती आणि कसा असतो ते सांगायला नको. लाकूड पावसाळ्यात फुगतं आणि फाल्गुन-चैत्राच्या कोरड्या वाऱ्यात आक्रसतं. धातूचा फ्रेट आहे तेवढाच राहतो. म्हणून श्रावणात घेतलेली गिटार शिमग्यात टोचायला लागते. हा कारखान्याचा दोष नाही आणि फसवणूकही नाही. उन्हाळ्यात एकदा टोकं घासली की बहुतेक वेळा कायमचं भागतं. पावसाळ्यात गिटार भिंतीला टांगू नका, पिशवीत ठेवा, वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्यानं पुसा. फ्रेटचा धातू जर्मन सिल्व्हर असतो, म्हणजे तांबं, निकेल आणि जस्त. चांदी त्यात अजिबात नसते. तो काळा पडला तर बारीक पॉलिशनं उजळतो.

मिरजेकडून शिकायचं ते

बेळगावहून पॅसेंजर गाडीत बसलं की मिरज येतं. तिथल्या सतारमेकर गल्लीत मी कितीदा तरी नुसता बघत उभा राहिलोय. तलवारींना धार लावणारी शिकलगारांची घराणी एकोणिसाव्या शतकात वाद्यांकडे वळली. त्यांतल्या फरीदसाहेबांचं नाव तिथं आजही आदरानं घेतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तिथं एकदा एक बुजुर्ग कारागीर तानपुऱ्याची जवारी काढत होते. घोडीवर कानशीचा एक हलका हात, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा एक हात. तासभर तेच चाललं होतं. मी म्हटलं, तानपुरा तर तयार दिसतोय. ते म्हणाले, "तयार लाकूड झालं. आवाज अजून व्हायचाय."

गिटारीचंही तेच आहे. खोक्यातून निघते ती लाकूड, धातू आणि वायर जोडून तयार झालेली वस्तू. तिचं वाद्य करण्यासाठी आणखी काही तास लागतात, आणि ते तास कोणत्या देशात भरले याला महत्त्व नाही. आपल्याकडे ते भरणारी माणसं कमी आहेत, ही माझी खरी काळजी आहे. बेळगावात फट मोजायचा फीलर गेज कसा धरायचा हे हजारो हातांना येतं. थाऊची भाषा इथल्या फिटरच्या पोराला आईच्या भाषेइतकी येते. कानडी बोलणारा असो की मराठी, उद्यमबागेच्या मशीनवर दोघांचं माप एकच. यातल्या पाच-दहा तरुणांनी फ्रेटचं काम मनावर घेतलं तरी निपाणीपासून खानापूरपर्यंत कपाटांवर पडलेल्या कितीतरी गिटारी खाली येतील.

निपाणीच्या त्या मुलाची गिटार मी ठेवून घेतली आणि संध्याकाळी काम केलं. टोकं घासली, नटच्या सहा खाचा उतरवल्या, सळईला पाव फेरा दिला, तारा बदलल्या, घोडे जुळवले. साडेतीन तास लागले. नेक सरळ होता, घरं बरोबर होती, ब्रिज जागेवर होता. चीनच्या त्या कारखान्यानं मशीनचं काम चोख केलं होतं. पुढच्या रविवारी मुलगा आला, बसला आणि एफची कॉर्ड पहिल्या झटक्यात लागली. त्यानं ती पुन्हा पुन्हा लावून बघितली. ताई त्या वेळी आल्या नव्हत्या. त्यांना मी मुलाबरोबर निरोप दिला की तुम्ही फसला नाहीत.

तुमच्या घरात कोणी गिटार मागत असेल तर माझं एवढं ऐका. हातात जेवढे पैसे आहेत ते सगळे गिटारीवर घालू नका. दहातला एक भाग जुळवणी आणि तारांसाठी बाजूला ठेवा. पिळवटलेला नेक, न फिरणारी सळई आणि वाकडा ब्रिज, या तीन गोष्टी कोणत्याही देशाच्या असोत, घेऊ नका. बाकीचं बहुतेक सगळं दुरुस्त होतं. आणि पोर दोन महिन्यांत कंटाळलं म्हणून त्याला बोल लावण्याआधी, त्याच्या गिटारीचा पहिला फ्रेट एकदा तुम्ही स्वतः दाबून बघा.